कोंडूनही न विझणारी आग

शनिवार, २४ एप्रिल २०२१. हवाई दलाचे सी-१७ हे अवाढव्य मालवाहू विमान पुण्यात उतरले. द्रवरूप प्राणवायू वाहणारे दोन टँकर त्याच्या पोटात चढवले गेले आणि दुपारी ते विमान जामनगरला पोहोचले. दोन्ही टँकर रिकामे होते.

त्या आठवड्यात महाराष्ट्र अक्षरशः श्वासासाठी झगडत होता. राज्यात रोज तयार होणारा सुमारे १,२५० टन प्राणवायू पुरेनासा झाला होता. तीनच दिवसांपूर्वी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावले होते. अशा वेळी ७० टनांहून अधिक भार उचलू शकणारे विमान रिकाम्या टाक्या घेऊन उडते आणि भरलेल्या टाक्या मात्र रस्त्याने किंवा रेल्वेने सावकाश येतात, हे दृश्य पाहून अनेकांच्या मनात संताप उसळला. उलटे का नाही? रिकामे टँकर जमिनीवरून पाठवा आणि भरलेले विमानाने आणा!

हा प्रश्न मराठवाड्यात अधिक टोचणारा होता. नांदेडला विमानतळ आहे, लातूरला धावपट्टी आहे. पण या दोन्ही जिल्ह्यांत द्रवरूप प्राणवायू पुरवील असा मोठा पोलाद प्रकल्प नाही, आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. त्या दिवसांत राज्याच्या वाट्याला येणारा प्राणवायू डोलवी, भिलाई, बळ्ळारी, विशाखापट्टणम, जामनगर अशा ठिकाणांहून यायचा. कुठूनही आला तरी लातूर-नांदेडच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा टँकरचा आणि डांबरी रस्त्याचाच. ‘विमान का नाही?’ हा प्रश्न म्हणूनच भाबडा नव्हता. त्याचे उत्तर मात्र त्या आठवड्यात कुणी ठरवलेले नव्हते. ते एका जळत्या जहाजाने, एका कोसळलेल्या मालवाहू विमानाने आणि एका दलदलीत गडप झालेल्या प्रवासी विमानाने आधीच लिहून ठेवले होते.

ते उत्तर समजून घ्यायला आपण उदगीरपासून सुरुवात करू. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला तिथे नमवले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांकडून लढला होता. तो तोफखाना पुढच्याच वर्षी पानिपतावर गेला, पण ती कथा वेगळी. आपल्याला आज हवी आहे ती तोफेची नळी. एका टोकाला ती बंद. तिच्यात दारू ठासलेली, वर बोळा, वर गोळा. आत हवा अशी नाहीच. मग काडी लागताच दारू जळते कशी?

याचे रहस्य सोऱ्यात आहे. बंदुकीच्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. कोळसा व गंधक हे इंधन. सोरा स्वतः जळत नाही. त्याच्या कणाकणात प्राणवायू बांधलेला असतो आणि तापताच तो इंधनाच्या हवाली होतो. दारूला बाहेरची हवा लागतच नाही, कारण ती आपला श्वास बरोबर घेऊन आलेली असते. अशा पदार्थांना रसायनशास्त्रात ऑक्सिडीकारक म्हणतात. कंधार, औसा, उदगीर या आपल्या किल्ल्यांवरच्या दारूगोळ्याची सारी ताकद या एका गुणावर उभी होती.

हा सोरा हिंदुस्थानातून, विशेषतः बिहारमधून, सतराव्या-अठराव्या शतकात गलबतांच्या तळाशी भरून युरोपात जाई. डच आणि इंग्रज कंपन्यांना तो दुहेरी सोयीचा होता. तो जड असल्याने जहाजाला स्थैर्य देई आणि तिकडे पोहोचल्यावर युद्धांसाठी विकला जाई. जुन्या भिंतींना लोणा लागतो, त्याच जातीच्या क्षारांतून, गोठ्यांच्या आणि वस्तीच्या मातीतून, पाण्यात विरघळवून आणि आटवून हे स्फटिक काढले जात. साम्राज्यांच्या लढाया शेणामुताच्या मातीवर चालत होत्या असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि सोरा काही इतिहासजमा झालेला नाही. लातूर-नांदेडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ मागा. ठिबकमधून सोडायचे ते पांढरे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोराच. हाच पदार्थ जहाजाने येतो तेव्हा त्याच्या मालावर पिवळी चौकट लागते: टोकावर उभा केलेला चौकोन, आत वर्तुळ, वर्तुळावर ज्वाला, खाली ५.१ हा आकडा. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी ठेवलेली टीसीएल पावडर याच कुळातली. द्रवरूप प्राणवायूची नोंद वायूंच्या वर्गात होते, परंतु दुय्यम धोका म्हणून त्याच्याही टाकीवर हीच पिवळी चौकट असते. ती चौकट सांगते, ‘मी जळत नाही, पण माझ्या शेजारी जे जळेल ते मी विझू देणार नाही.’

आता मुंबई. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत उभे असलेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज बर्कनहेडहून कराचीमार्गे आले होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार आणि सोन्याच्या लगडी. युद्धाची घाई होती, जहाजे कमी होती, म्हणून एकमेकांशेजारी कधीही ठेवू नये असा माल एकाच जहाजात ठेवला गेला. कप्तानाला हे पसंत नव्हते, पण त्याचे चालले नाही. स्फोटके घेऊन गोदीत शिरणाऱ्या जहाजाने लाल निशाण चढवावे असा संकेत होता. ते निशाणही चढवलेले नव्हते.

दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर दिसला. कापूस पेटला होता. कापसाची आग कशी असते हे उस्मानशाही मिलच्या नांदेडला आणि जिनिंगच्या गावांना सांगायला नको. गाठ वरून पाण्याने निथळत असते आणि आत धुमसत राहते. बंबांनी शेकडो टन पाणी ओतले, तरी मूळ आग कुठे आहे तेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जवळपास अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. तेरा जहाजे नष्ट झाली, गोदी आणि भोवतालचा परिसर उद्ध्वस्त झाला, दूर सिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा नोंदवला. मृतांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत वेगवेगळा दिला जातो. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. (सोन्याची लगड उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, ही गोष्ट लोकांच्या लक्षात जास्त राहिली आहे. मला त्याचे नेहमी वाईट वाटते.)

काटेकोरपणे पाहिले तर ही ऑक्सिडीकारकाची दुर्घटना नव्हे. पण स्फोटकांच्या रेणूतही प्राणवायू आधीच गुंफलेला असतो, आणि माल वेगळा ठेवणे व माल काय आहे ते उघड सांगणे या दोन गोष्टी चुकल्या की काय होते याचे याहून जवळचे उदाहरण मराठी माणसाला मिळणार नाही. या दोन चुका लक्षात ठेवा. तिसरी चूक तीन वर्षांनी अमेरिकेत घडली, आणि माझ्या मते तीच सर्वांत शिकण्यासारखी आहे.

१६ एप्रिल १९४७. टेक्सास राज्यातल्या टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँकाँ’ हे फ्रेंच जहाज अमोनियम नायट्रेट भरत होते. युद्ध संपले होते, युरोपची शेती उपाशी होती आणि हे खत म्हणून तिकडे चालले होते. कागदी पिशव्या, आतल्या दाण्यांवर गोळे होऊ नयेत म्हणून मेणाचा लेप, आणि माल कोमट असतानाच भरलेला. म्हणजे ऑक्सिडीकारक आणि इंधन एकाच पिशवीत! सकाळी आठच्या सुमारास खणातून धूर येऊ लागला. कप्तानाने पाणी मारू दिले नाही, माल खराब होईल म्हणून. त्याने जहाजावरचा जुना, शहाणपणाचा, शेकडो वेळा उपयोगी पडलेला उपाय केला. झाकणे बंद केली, वर ताडपत्री ओढली आणि आत वाफ सोडली. हवा बाहेर काढायची, आग आपोआप गुदमरेल.

कोळशाच्या जहाजावर हे बरोबर ठरले असते, कापसाच्या जहाजावर कदाचित चालले असते. इथे त्याने जे केले ते म्हणजे तोफेची नळी बंद करून बत्ती देण्यासारखे झाले. अमोनियम नायट्रेटला हवा नको होती. त्याला हवी होती उष्णता आणि बंदिस्त जागा. वाफेने उष्णता दिली, झाकणांनी बंदिस्तपणा दिला. ९ वाजून १२ मिनिटांनी २,२०० टनांहून अधिक माल एकदम उडाला. धक्क्यावर रंगीत धूर पाहायला जमलेली माणसे, जवळचा रसायन कारखाना, अग्निशमनाची तुकडी, काही उरले नाही. शेजारच्या ‘हाय फ्लायर’ या जहाजातही अमोनियम नायट्रेट होते, आणि जोडीला गंधक. ते त्या रात्री एकच्या सुमारास फुटले. किमान ५८१ माणसे मेली.

त्या कप्तानाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. तसे म्हणू नये. आग म्हणजे इंधन अधिक हवा, हवा तोडली की आग तुटते, हे ज्ञान घराघरात आहे. कढईतले तेल पेटले की आपणही झाकण टाकतो आणि ते योग्यच असते. ऑक्सिडीकारकाचा धोका हाच आहे की तो माणसाचे चुकीचे नव्हे, तर बरोबर शिकलेले ज्ञान उलटवतो. आज जहाजांच्या सूचनांत अशा मालाबद्दल स्पष्ट लिहिलेले असते: झाकणे उघडा, खेळती हवा ठेवा, भरपूर पाणी मारा, वाफ आणि कार्बन डायऑक्साइडवर विसंबू नका.

या सूचना एका दिवसात आल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधीच्या शिफारशी पहिल्यांदा १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. तिथून रसायनांना वर्ग आणि चार अंकी क्रमांक देण्याची पद्धत रुळत गेली. समुद्रासाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १९६५ मध्ये स्वीकारली गेली, पण ती सर्वांवर बंधनकारक व्हायला २००४ चा जानेवारी उजाडावा लागला. जवळजवळ चाळीस वर्षे! तिच्यातले बरेचसे नियम वरच्या कथा वाचल्यावर आपोआप सुचतील असेच आहेत. पाचव्या वर्गाचा माल ज्वलनशील द्रवांपासून वेगळा ठेवा. आधीच्या मालाचा लाकडी भुसा, कोळसा, धान्य खणात उरले असेल तर झाडून काढा. उष्ण भिंतीला टेकवू नका.

हा शेवटचा नियम किती जणांना महागात पडला ते सांगायला हवे. आपली टीसीएल पावडर सौम्य असते. तिचा तीव्र भाऊ म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, पोहण्याच्या तलावांसाठी जगभर विकला जाणारा. तो नुसत्या उबेने आतल्या आत तापत जातो आणि तापता तापता प्राणवायू सोडतो. १९९८ च्या डिसेंबरअखेर ‘ॲकन्काग्वा’ या कंटेनर जहाजात अशा मालाचा स्फोट झाला. तो कंटेनर जहाजाच्या इंधनटाकीला लागून होता आणि घट्ट इंधन पातळ राहावे म्हणून ती टाकी गरम केली जात होती. भांडण पुढे लंडनच्या न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. जास्त भाडे आणि अडचणीची जागा टाळण्यासाठी काही पाठवणारे हा माल दुसऱ्याच साध्या नावाने चढवतात. १९४४ चे न चढवलेले लाल निशाण असे नवनव्या रूपांत परत येत राहते.

समुद्रावर निदान उडी मारायला जागा असते. हवेत तीही नाही. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन ॲमचे बोइंग ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून निघाले. त्यात स्कॉटलंडला जाणाऱ्या रसायनांच्या खोक्यांमध्ये तीव्र नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या. नायट्रिक आम्ल जाळते आणि प्राणवायूही देते. बाटल्या फुटू नयेत म्हणून भोवती मऊ काहीतरी हवे. पाठवणाऱ्यांनी लाकडाचा भुसा भरला. काही खोकी आडवीही ठेवली गेली. आम्ल गळले, भुसा धुमसू लागला, धूर चालककक्षात शिरला आणि बोस्टनची धावपट्टी अगदी समोर असताना विमान कोसळले. तिघेही वैमानिक-कर्मचारी गेले. घरात काचेच्या बरणीभोवती भुसा किंवा पेंढा घालणे हा काळजीचा भाग समजला जातो. इथे ती काळजीच इंधन ठरली. अशा बाटल्यांभोवती जळू न शकणारे खनिज भरण हवे, हा नियम तेव्हाही कागदावर होता. या अपघातानंतर विमानातल्या धोकादायक मालाकडे जग गंभीरपणे पाहू लागले, आणि १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यासाठी स्वतंत्र परिशिष्टच स्वीकारले. भारतात २००३ च्या नियमांनी ते अधिक ठाशीवपणे लागू झाले.

तरीही ११ मे १९९६ उजाडला. मायामीहून अटलांटाला निघालेल्या व्हॅल्यूजेट ५९२ या प्रवासी विमानाच्या पोटात पाच खोकी चढवली गेली. आत दुसऱ्या विमानांतून काढलेली मुदत संपलेली प्राणवायूची उपकरणे होती. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांना प्राणवायू देणारी ही नळकांडी. आत सोडियम क्लोरेट असते. खटका बसला की ते प्राणवायू सोडते आणि नळकांडे कमालीचे तापते. खटक्यावर सुरक्षेचे टोपण लावायचे असते. ते लावलेले नव्हते. कागदावर लिहिले होते, ‘रिकामी’.

ती रिकामी नव्हती. आणि ज्या खणात ती ठेवली गेली त्याची रचना तर नशिबाची क्रूर थट्टा वाटावी अशी होती. त्या काळी प्रवासी विमानांतले असे खण मुद्दाम हवाबंद केलेले असत. आत आग लागलीच तर थोडी हवा संपेल आणि ती आपोआप विझेल, म्हणून तिथे धुराची सूचना देणारे यंत्र नव्हते, विझवण्याची व्यवस्थाही नव्हती. ‘ग्रँकाँ’च्या कप्तानाचा विचारच आराखड्यात उतरवलेला. नळकांडी पेटली, प्राणवायू सोडत गेली, शेजारचे टायर जळू लागले. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. ११० जण होते, कुणी वाचले नाही. त्यानंतर अमेरिकेत अशा खणांत धूरसूचक आणि शमनयंत्रणा सक्तीची झाली, आणि असली नळकांडी माल म्हणून प्रवासी विमानात नेण्यावर बंदी आली.

आता पुन्हा त्या सी-१७ कडे या. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सियसला उकळतो. टाकी कितीही चांगली असली तरी थोडी उष्णता आत शिरतेच, म्हणून तो सतत थोडाथोडा वायू होत राहतो आणि दाब वाढला की झडपेतून बाहेर सोडावाच लागतो. एक लिटर द्रवाचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. रस्त्यावर तो वाऱ्यात विरून जातो. विमानाच्या बंद पोटात तो कुठे जाणार? आपल्या हवेत प्राणवायू २१ टक्के. तो काही टक्क्यांनी वाढला तरी एरवी नुसते धुमसणारे कापड भडकून पेटते, ग्रीस आणि हायड्रॉलिक तेल ठिणगीची वाट पाहत बसते. डांबर किंवा तेलकट लाकडावर द्रव प्राणवायू सांडला तर नुसता आघातही स्फोटाला पुरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल फॉन लिंडे या जर्मन संशोधकाने कोळशाची पूड द्रव प्राणवायूत भिजवून खाणींसाठी सुरुंगाची दारूच बनवली होती. म्हणूनच द्रवरूप प्राणवायू नेण्यास आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत प्रवासी विमानात आणि मालवाहू विमानातही मनाई आहे. सिलिंडरमधला दाबलेला प्राणवायू मर्यादित प्रमाणात चालतो. द्रव नाही.

हवाई दलाला नागरी नियम बाजूला ठेवता आले असते का? संकटात लष्कर पुष्कळ गोष्टी करते. पण विमानातली आग नियमाचा अर्ज वाचत नाही. त्या दिवसांत घेतलेला निर्णय मला त्या धामधुमीतला सर्वांत समंजस निर्णय वाटतो. टँकरचा अर्धा वेळ रिकामे जाण्यात जातो. तो अर्धा भाग विमानाने काही तासांवर आणायचा आणि धोक्याचा अर्धा भाग जमिनीवर ठेवायचा. बंदी मोडली नाही, तरी फेरीचा वेळ मात्र खूप घटला.

जमिनीवरचा भागही सोपा नव्हता. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. ही देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. टँकरची उंची ३,३२० मिलिमीटर, खाली वाघिणीची १,२९० मिलिमीटर. त्यामुळे घाट, बोगदे, पूल आणि विजेच्या तारा यांचा हिशेब करून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा लांबचा वळसा निवडावा लागला. जवळपास १,८५० किलोमीटर. परतताना गाडी भरधाव हाकता येत नव्हती, कारण आतला द्रव हिंदकळू द्यायचा नव्हता आणि वाटेत दाब तपासत राहावे लागत होते. २३ एप्रिलच्या रात्री तीन टँकर नागपूरला उतरले, उरलेले चार दुसऱ्या दिवशी नाशिकला. लातूरकरांना टाक्यांच्या गाडीची वाट पाहणे नवे नव्हते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ तिथे पोहोचली होती. पाण्याची टाकी मात्र कशीही हाका, ती पेटत नाही.

रेल्वेबरोबर समुद्रही कामाला लागला. नौदलाने ‘समुद्र सेतू-२’ मोहीम काढली. बहारीन, कुवेत, कतार, सिंगापूर इथून युद्धनौकांच्या डेकवर प्राणवायूचे कंटेनर बांधून आणले गेले. १० मे रोजी ‘आयएनएस त्रिकंड’ कतारच्या हमाद बंदरातून ४० टन द्रव प्राणवायू घेऊन मुंबईला लागली. फोर्ट स्टिकीनची गोदी तिथून हाकेच्या अंतरावर. विमानात जे अशक्य ते डेकवर शक्य झाले, कारण डेक उघडा असतो. झडपेतून सुटलेला वायू समुद्राच्या वाऱ्यावर निघून जातो. कोंडायचे नाही, उघडे ठेवायचे.

या साऱ्यामागे एक मराठी पत्ता आहे, जो फारसा कुणाच्या ओठांवर येत नाही. देशातल्या स्फोटकांचे, पेट्रोलियमचे आणि दाबाखालच्या वायूंचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना हे तिचे नाव. टँकर कमी पडू लागले तेव्हा नायट्रोजन आणि आर्गनचे टँकर प्राणवायूसाठी बदलून घेण्याची परवानगी तिनेच दिली. ऐकायला किरकोळ वाटणारा हा बदल प्रत्यक्षात नाजूक असतो. नायट्रोजनच्या टाकीत, झडपेत किंवा नळीत तेलाचा पुसटसा अंश राहिला तरी काही बिघडत नाही. प्राणवायूच्या टाकीत तोच अंश इंधन होतो. म्हणून आधी सफाई, मग शोधन, मग प्राणवायू. अमोनियम नायट्रेटचे २०१२ चे नियमही याच संस्थेच्या देखरेखीखाली चालतात. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले आणि २०० हून अधिक माणसे मेली. तेव्हा चेन्नईजवळ जप्त करून ठेवलेला सुमारे ७०० टनांचा साठा घाईघाईने हलवण्यात आला. पुढच्या वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन बंदरात उतरलेला असा माल बंदराच्या हद्दीपासून दूर साठवण्याची अट आली.

आणखी एक तपशील. आत काहीच नसताना टँकरवर चौकट ठेवावी का? वाहतुकीच्या नियमांत याचे सरळ उत्तर आहे. आतून साफ न केलेली, वायूमुक्त न केलेली टाकी कागदावर रिकामी असली तरी भरलेल्या टाकीच्याच खुणा बाळगते. मायामीत पाच खोक्यांवर ‘रिकामी’ हा शब्द लिहिणाऱ्याने हे पाळले असते तर ती खोकी त्या विमानाच्या जवळही गेली नसती.

मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात आज उंच पांढरी टाकी दिसते. तिच्या नळ्यांवर भर उन्हाळ्यातही बर्फाचा थर असतो, खाली पांढरट धुके साचते आणि कुंपणावर पिवळी चौकट, शेजारी ‘धूम्रपान निषिद्ध’. टँकर येतो, चालक उतरतो, नळी जोडली जाते. जिथे उभे राहून हे भरण होते ती जमीन काँक्रीटची असते, डांबराची नाही. ते का, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.